एका होकायंत्राची एकोणीस अंशांची चूक

मित्रांनो, कधी एखादे होकायंत्र हाती आले, तर कृपा करून ते कानाशी धरून हलवू नका. बहुतेक लोक आधी तेच करतात. मी एक जुने होकायंत्र आहे, आणि हलवल्यामुळे मला दिशा जास्त चांगली कळली, असे आजवर एकदाही झालेले नाही.

माझे रूप साधे आहे. पितळेची खोलगट वाटी, तिच्यावर काचेचा घुमट, त्यावर बंद करायला चपटे पितळी झाकण, आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव आणि त्यात तरंगणारी गोल तबकडी. तबकडीवर दिशा आणि अंश लिहिलेले आहेत. तिच्या पोटाशी चुंबकाची पट्टी आहे. काचेच्या आत समोर एक बारीक उभी रेघ आहे. होडीचे तोंड ज्या दिशेला असेल, ती दिशा त्या रेघेखाली येते. लोक म्हणतात, बघा कसे गरगर फिरते आहे! साफ चूक. मी फिरत नाही. होडी माझ्याभोवती फिरते, बंदर फिरते, माणसे तर सतत फिरत असतात. मी आपला एका जागी असतो.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. त्या खोलीत लोखंडाला मज्जाव होता. टेबले लाकडी, बिजागऱ्या पितळी, खुर्च्यांना खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या. तिथले म्हातारे तपासनीस माझ्याजवळ येण्याआधी किल्ल्या काढून ठेवत, पट्टा काढून ठेवत आणि पोलादी काड्यांचा चष्माही काढून ठेवत. चष्मा काढल्यावर त्यांना मी दिसत नसे. मग ते द्रव भरणाऱ्या बाईंना विचारत, "काय म्हणतोय?"

"उत्तर म्हणतोय."

"मग बरोबर आहे," असे म्हणून ते सही करत.

तबकडीच्या पोटाशी चुंबक बसला तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. तोवर मी नुसते भांडे होतो. एकाएकी खूप दुरून कोणीतरी मला हळूच धरले. भिंतीपलीकडून, गावापलीकडून, डोंगर आणि पाणी ओलांडून ती ओढ येत होती. अख्खी पृथ्वी, एवढी मोठी, तिला एवढी कामे, आणि तरी तिने माझ्यासारख्या वाटीभर वस्तूची दखल घेतली होती. मी थरथरलो आणि स्थिर झालो. बाई म्हणाल्या, "लागला मार्गाला."

पुढची बावीस वर्षे मी बंदरातल्या वाटाड्याच्या बोटीवर होतो. बाहेरून येणाऱ्या मोठ्या जहाजांना खडकांमधून आत आणायचे, हे आमचे काम. धुके पडले की चार मजली जहाजे नाक मुठीत धरून आमच्या मागे येत. वाटाड्या माझ्या काचेवरून रोज फडके फिरवत असे. मग एक दिवस पडदा असलेले नवे यंत्र आले. ते रंगीत होते आणि त्यातून आवाजही येत असे. माझी बदली बंदराच्या कचेरीत झाली. तिथल्या कारकुनाने मला कागद उडू नयेत म्हणून टपालावर ठेवले आणि माझ्या झाकणावर गरम चहाचा पेला ठेवायची प्रथा पाडली. तो गोल डाग माझ्या झाकणावर अजून आहे. सरकारी नोकरीतला तोच माझा एकमेव शिक्का.

कचेरीतल्या उन्हाने माझ्या द्रवात एक बुडबुडा झाला. कारकुनाने मला एका घड्याळजींकडे दुरुस्तीला टाकले आणि तो मला न्यायला आलाच नाही. घड्याळजींच्या दुकानात अशा वस्तूंचे वेगळे फडताळ होते. दोन गजराची घड्याळे, एक वायुभारमापक आणि मी. आम्ही चौघे अकरा वर्षे दाराकडे बघत बसलो होतो.

आता या घड्याळजींची ओळख करून देतो. उंच, वाकलेले, डोळ्याला भिंग लावून बसणारे गृहस्थ. त्यांच्या डोक्यावर भिंतीला पाटी होती : 'घड्याळे चुंबकापासून दूर ठेवावीत. हुकमावरून.' हुकूम त्यांचाच होता. कोणाचेही घड्याळ पुढे धावू लागले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "रात्री कशाजवळ ठेवता?" गिऱ्हाईक म्हणे, रेडिओजवळ. घड्याळजी भिंगातून असे बघत, जणू त्या माणसाने पोर विहिरीच्या काठावर ठेवले आहे.

शेजारच्या खोलीत त्यांच्या पत्नीचे शिवणकाम चाले. मधले दार कायम उघडे. इकडे टिकटिक, तिकडे खडखड. बाई चाळीस वर्षे शाळेचे गणवेश शिवत आल्या होत्या, सगळे एकाच निळ्या रंगाचे. दोऱ्यांच्या कंपनीचे एक छटापत्रक त्यांच्या भिंतीला लटकत असे. त्यात चौऱ्याऐंशी रंगांचे छोटे छोटे दोरे ओळीने चिकटवलेले होते. काम थांबले की बाई त्या पत्रकातल्या बाकीच्या त्र्याऐंशी रंगांकडे बघत बसत. कापड डोळ्यांनी सरळ कापणाऱ्या या बाई होत्या. पट्टी वापरत, पण ती दुसऱ्यांना पटवण्यापुरती.

टाचण्या सांडू नयेत म्हणून घड्याळजींनी त्यांना एकदा वाढदिवसाला एक डबी करून दिली होती. पत्र्याची चपटी डबी, तळाशी जुन्या ध्वनिवर्धकातून काढलेला चुंबक. डबी उलटी केली तरी एक टाचणी खाली पडत नसे. ही डबी लक्षात ठेवा, मित्रांनो. मी तर ती जन्मात विसरणार नाही.

एके दिवशी एका बारीक स्क्रूने घड्याळजींच्या चिमट्याला तीनदा चकवले. चौथ्यांदा त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि मधल्या दारातून म्हणाले, "अगं, झालं वाटतं माझं."

"मग आता काय करायचं म्हणताय?"

"समुद्रावर जायचं म्हणतोय. बेटं बघायची."

मशीन थांबले. "मला वाटलं, तुम्ही चहा म्हणाल," बाई म्हणाल्या.

त्यांच्या मुलीने फार विरोध केला. "बाबा, निवृत्त झालेली माणसं बागेत जाऊन बसतात." घड्याळजी म्हणाले, "तिथे आधीची उठत नाहीत." दोन वर्षे दोघे बंदरात शिडाची होडी चालवायला शिकले. एक शीड, एक डोलकाठी, दोन माणसांपुरती छोटी खोली, एवढीच होडी. एका सकाळी घड्याळजींनी मला फडताळावरून उतरवले, बुडबुडा काढला, द्रव भरला, काच पुसली आणि सुकाणूसमोरच्या लाकडी फळीवर बसवले. "आजपासून हे आपले गुरुजी," ते म्हणाले. उरलेल्या तिघांचे काय झाले, ते मला माहीत नाही. मी मागे वळून बघू शकत नाही. माझी रचना तशी नाही.

मित्रांनो, मी बावीस वर्षे पाण्यावर काढली होती, पण समुद्र पाहिला नव्हता. बंदरातले पाणी म्हणजे तेल, दोऱ्या आणि आरडाओरडा. आता पहिल्या दिवशी जमीन मागे बुडाली आणि चहूकडे एकच एक गोल रेघ राहिली. मीही गोल, समुद्रही गोल. त्या एवढ्या मोठ्या तबकडीच्या मधोमध माझी छोटी तबकडी तरंगत होती. माझ्या काचेत अख्खे आकाश मावत होते, ढगांसकट. उडणारे मासे पाण्यातून मूठभर चांदीसारखे उसळत आणि कितीतरी लांब जाऊन पडत. घड्याळजींनी त्यांची वेळ मोजली. नऊ सेकंद. बाईंनी छटापत्रक काढून माशाच्या पाठीला धरायचा प्रयत्न केला, पण मासा थांबायला तयार नव्हता.

तीन बेटे आम्ही बिनचूक गाठली. पहिल्याचे खडक काळे होते आणि त्यांच्यावर फेस वाळत होता. दुसऱ्यावर खारफुटीच्या मुळांमध्ये पाणी इतके स्थिर होते, की घड्याळजी नुसते बघत बसले आणि हातातल्या घड्याळाला किल्ली द्यायला विसरले. असे लग्नानंतर पहिल्यांदाच झाले, असे बाई म्हणाल्या. प्रत्येक बेट नेमके माझ्या रेघेखालून वर यायचे. घड्याळजी माझ्या काचेवर बोट टेकवून म्हणायचे, "गुरुजी म्हणजे गुरुजी!" मला मान्य केले पाहिजे, मी जरा फुगलो होतो.

चौथे बेट सगळ्यांत लांब होते. सरळ पश्चिमेला अडतीस मैल. बेट कसले, पोवळ्याचे एक गोल कडे. कड्यावर माड आणि आत अडकलेले पाणी. तिसऱ्या बेटावरच्या एका कोळणीने बाईंना सांगितले होते, "त्या पाण्याचा रंग कापडात मिळायचा नाही." बाईंनी छटापत्रक दाखवले. कोळणीने ते वरून खालपर्यंत पाहिले, परत दिले आणि हसली. तेव्हापासून बाईंना दुसरे काही सुचेना. "एकदा बघायचंच," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षे एकच निळा शिवलेल्या बाईने आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. घड्याळजींनी मान डोलावली.

कोळणीने आणखी एक गोष्ट सांगितली होती. कड्याला आत जायला एकच फट आहे, आणि तिच्यातून उजेड असतानाच जायचे. बेट चुकले तर पुढे आठ दिवस पाणीच पाणी. वारा तर सदा पूर्वेकडून. पुढे ढकलायला तयार, मागे येऊ द्यायला नाही. होडीत प्यायचे पाणी दोन दिवसांचे होते.

निघायच्या आदल्या दिवशी शीड कोपऱ्याला उसवले. बाईंनी वाळूवर बसून जाड दोऱ्याने ठिगळ लावले. होडीत परतल्यावर लाटेने सुया, टाचण्या सगळीकडे पसरल्या. एक घड्याळजींच्या पायात गेली. "थांब, याचा कायमचा बंदोबस्त करतो," ते म्हणाले. त्यांनी ती पत्र्याची डबी घेतली आणि माझ्या फळीच्या खाली, पुढच्या कडेला, दोन छोट्या स्क्रूंनी एक खोबण करून त्यात घट्ट बसवली. "आता वादळ आलं तरी हलणार नाही."

"किती करता हो माझ्यासाठी," बाई म्हणाल्या.

ज्याने चाळीस वर्षे अख्ख्या गावाला एकच गोष्ट सांगितली, त्यानेच प्रेमाच्या भरात ती केली. कारण आपण सांगतो ते गिऱ्हाइकांसाठी असते. घरच्या माणसांना ते लागू होत नाही, असा आपला सगळ्यांचा समज असतो.

मला लगेच कळले. पृथ्वीची ओढ होती तशीच होती, दूरची, शांत, न थकणारी. पण आता माझ्या कानाशी दुसरे कोणीतरी बोलू लागले. केवढी पृथ्वी आणि केवढी ती डबी! पण ती जवळ होती. मी हळूच तिच्याकडे झुकलो. मी स्वतःला सांगत राहिलो, ही उत्तर नव्हे. पण चुंबकाला स्वतःला सांगून काही उपयोग नसतो. एकोणीस अंश! बावीस वर्षांत मी एका अंशाने चळलो नव्हतो.

पहाटे आम्ही निघालो. घड्याळजींनी माझ्या रेघेखाली नेमकी पश्चिम आणली. वारा पाठीशी होता, होडी मजेत धावत होती. सूर्य मागून वर आला. डोलकाठीची सावली लांबलचक पुढे पडली, होडीच्या टोकावरून नाही, तर उजवीकडून.

बाईंनी ती पाहिली. हातातला पेला खाली ठेवला. एक डोळा मिटून पुन्हा पाहिली.

"अहो, आपण तिरके चाललोय."

"तिरके? गुरुजी तर पश्चिम दाखवतायत."

"सूर्य पूर्वेला उगवला ना? मग सावली पश्चिमेला हवी. पश्चिम तिकडे आहे आणि आपलं नाक इकडे. उभ्या धाग्यात कापायला घेतलं आणि कात्री तिरकी गेली, तसं झालंय हे."

"अगं, लाटेनं होडी डुलते, सावली डुलते. सावलीवरच जायचं होतं, तर यांना कशाला आणलं?"

"शोभेला," बाई म्हणाल्या आणि पेला पुन्हा उचलला.

मित्रांनो, तेव्हा मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, 'बाईंचं ऐका!' पण मला तोंड नाही, नुसता चेहरा आहे. आणि तो चेहरा ठामपणे पश्चिम, पश्चिम म्हणत होता. चुकीचे बोलणारा ठामपणे बोलू लागला की त्याच्यापुढे डोळ्यांनी पाहिलेले खोटे पडते, हे मी त्या दिवशी आतून पाहिले.

सूर्य डोक्यावर आला. सावल्या पायाशी गोळा झाल्या आणि बाईंचा पुरावा बुडाला. त्याच वेळी ते घडले. होडीच्या डाव्या अंगाला पाणी काळे झाले. मला वाटले, ढगाची सावली. मग ती सावली वर आली. आमच्या होडीच्या तिप्पट लांब पाठ, ओली, चमकती, हळूहळू पाण्याबाहेर आली आणि येतच राहिली. तिने एक श्वास सोडला. त्या श्वासाचा फवारा माझ्या काचेवर पडला. मग तो देवमासा किंचित कलला आणि एका छोट्या, म्हाताऱ्या, विलक्षण शांत डोळ्याने त्याने आमच्याकडे पाहिले. आधी त्या दोघांकडे आणि मग, मला आजही शपथेवर सांगता येईल, माझ्याकडे. त्यालाही ती दूरची ओढ कळत असावी. त्याच्या अंगाला कोणी डबी लावलेली नव्हती. तो सरळ आपल्या वाटेने निघून गेला, आणि पाणी मिटले.



"याला केवढं कापड लागेल हो?" बाई पुटपुटल्या.

"शर्टाला की पँटला?"

दोघे हसले, आणि हसता हसता बाईंनी डोळे पुसले. सरळ वाटेने गेलो असतो तर तो आम्हाला दिसला नसता. ही गोष्ट माझ्या बाजूने मी कधी मांडत नाही, पण ती खरी आहे.

एक वाजल्यापासून घड्याळजी समोर बघत होते. दीड झाला. ते सकाळपासून दर तासाला लाकडाचा एक तुकडा होडीच्या टोकाशी पाण्यात टाकत आणि तो मागे पोचेपर्यंतचे सेकंद मोजून वेग काढत. वहीत सगळे नीट लिहिलेले होते. "छत्तीस मैल झाले," ते म्हणाले. "माड तरी दिसायला हवेत." पुढे माड नव्हते. पक्षी नव्हते. गोल रेघ होती, पहिल्या दिवसासारखीच सुंदर, पण आता तिच्याकडे बघवत नव्हते. बाईंनी पाण्याचा डबा उचलून अंदाज घेतला आणि खाली ठेवला.

तेवढ्यात शिडाच्या ठिगळाचा दोरा सुटू लागला. बाई उठल्या, माझ्या फळीखाली हात घातला आणि सुई काढायला डबी खोबणीतून उपसून मांडीवर घेतली.

मी सुटलो. भर बाजारात हात सुटलेल्या पोराला आई दिसावी, तसा मी उत्तरेकडे वळलो. घड्याळजींची नजर माझ्यावरच होती. होडी जिथल्या तिथे, लाट तशीच, वारा तसाच, आणि रेघेखालची पश्चिम सरकत सरकत निघून गेली.

"अगं, ती डबी जरा पुन्हा ठेव."

बाईंनी ठेवली. मी पुन्हा झुकलो.

"काढ."

मी वळलो.

"ठेव."

"अहो, मी शिवू की कवायत करू?"

 घड्याळजींच्या तोंडचे पाणी पळाले होते, आणि तेही जिथे पाणी मोजून प्यायचे अशा जागी. त्यांनी कपाळाला हात लावला. "चाळीस वर्षं लोकांना विचारलं, घड्याळ कशाजवळ ठेवता. आणि मी... मीच बसवली गं ती. माझ्या हातांनी. स्क्रू लावून."

तेव्हा बाईंच्या ओठांवर एक वाक्य आले. मला ते अगदी जवळून दिसले. सकाळपासून ते तिथेच उभे होते. त्यांनी ते गिळले. 

घड्याळजींनी डबी हिसकावून समुद्रात भिरकावायला हात उचलला. बाईंनी मनगट धरले. "माझ्या वाढदिवसाची आहे ती. मागे टोकाला बांधा." मग पदर खोचावा तशा बाह्या सरसावून म्हणाल्या, "आपण छत्तीस मैल आलो. गुरुजी किती चळलेत?"

"एकोणीस अंश."

"मला अंश कळत नाहीत. काढून दाखवा."

घड्याळजींनी नकाशाच्या पेटीतून कोनमापक काढले. बसायच्या फळीवर बाईंच्या खडूने दोन रेघा ओढल्या, एक जायला हवी होती ती, एक गेलो ती. एका टोकाला दोन्ही रेघा एकत्र, पुढे पुढे फाकत गेलेल्या. बाई बघत राहिल्या. त्यांचा चेहरा बदलला.

"ही तर कळी आहे! गणवेशाच्या घेरदार झग्याला लावतो ती. वर टोक, खाली पसरट." त्यांनी गळ्यातली फीत काढून रेघांवर ताणली, शेवटचे अंतर मोजले. "तीन हात लांबीला खाली एक हात. अशा कळ्या मी झोपेत कापते. म्हणजे छत्तीस मैलांना..."

"बारा," घड्याळजी म्हणाले.

"बारा मैल खाली उतरलोय आपण. बेट वर आहे, उजव्या हाताला. थोडं पुढे, पण बरंचसं वर."

घड्याळजींनी आकडेमोड तपासली. बरोबर होती. त्यांनी सुकाणूला हात घातला आणि थांबले. माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यात माझ्याकडे कोणी तसे पाहिले नव्हते. मला काचेच्या आत तोंड लपवावेसे वाटले. सकाळपासून मी खोटे बोललो होतो. आता पुन्हा माझ्याच सांगण्यावरून उत्तरेला वळायचे होते. मी पुन्हा चुकलो, तर उजेड संपायच्या आत दुसरी संधी नव्हती.

"यांचं ऐकायचं का?" ते हळू आवाजात म्हणाले.

बाईंनी फडके घेतले आणि माझ्या काचेवरचा देवमाशाचा खारट फवारा पुसला. "आता त्यांच्या शेजारी कोणी नाहीये," त्या म्हणाल्या. "आता खरं बोलतील."

मित्रांनो, बावीस वर्षे मोठमोठ्या कप्तानांनी माझे कौतुक केले होते. त्यातले एकही वाक्य मला आता आठवत नाही. हे आठवते.

आम्ही वळलो. वारा आता बाजूने आला, होडी कलली आणि सुसाट निघाली. मी त्या दूरच्या ओढीला असा धरून राहिलो, की लाटांनी होडी कितीही उसळली तरी तबकडी हलू दिली नाही. तीन वाजले. चार वाजले. घड्याळजी माझ्याकडे बघून सुकाणू धरत होते आणि बाई डोलकाठीला टेकून समोर बघत होत्या. एकाची नजर आत, एकाची बाहेर. सकाळी असे केले असते तर, पण जाऊ द्या.

साडेचारला बाई म्हणाल्या, "अहो, त्या ढगाचं पोट बघा."

क्षितिजावर पांढऱ्या ढगांची रांग होती. सगळे ढग खालून राखाडी. एकच ढग खालून हिरवा होता. फिका, ओला, उजळ हिरवा, जणू कोणी खालून दिवा धरला आहे. त्या ढगाखाली उथळ पाणी होते आणि ते आपला रंग वर आभाळाला लावत होते. बेट अजून क्षितिजाखाली होते, पण त्याच्या पाण्याचा रंग आभाळात आधीच पोचला होता. मी जन्मभर उत्तर दाखवत आलो. आभाळसुद्धा वाट दाखवते, हे मला त्या दिवशी कळले.

मग पाण्यातून एक माड वर आला. मग दुसरा. मग एकेक करून ओळच. "टाचण्या!" बाई ओरडल्या. "उशीत खोचलेल्या टाचण्या!"

सूर्य बुडायला अर्धा तास असताना आम्ही त्या फटीतून आत गेलो. दोन्ही बाजूंना लाटा खडकांवर फुटत होत्या, मध्ये होडीपुरती शांत वाट होती. आणि आत...

आत काय होते, हे मला नीट सांगता येणार नाही. मी निळे सांगेन, तर ते निळे नव्हते. हिरवेही नव्हते. तळापासून उजेड वर येत होता आणि वरून उजेड खाली जात होता, आणि दोन्ही जिथे भेटत होते तिथे आमची होडी टांगलेली होती. तिची सावली खूप खाली, पांढऱ्या वाळूवर स्वच्छ दिसत होती. घड्याळजींनी नांगर सोडला. तो तळाला टेकेपर्यंत आम्हाला दिसत राहिला.

बाई होडीच्या काठावर बसल्या. छटापत्रक उलगडून पाण्याला धरले. पहिली ओळ, दुसरी ओळ. चौऱ्याऐंशी दोरे त्यांनी एकेक करून पाहिले. घड्याळजी श्वास रोखून उभे होते.

"नाहीये," बाई म्हणाल्या. "यात नाहीये हो!" एवढ्या आनंदाने कोणी नाही म्हटलेले मी ऐकलेले नाही. पत्रक घडी करून त्या पाण्याकडे बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आता बोलू का?"

"बोल," घड्याळजी म्हणाले.

"मी सकाळीच म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"बस. एवढंच."

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. होडी दुसऱ्या एका जोडप्याकडे गेली. मला मात्र घड्याळजींनी घरी आणले आणि खिडकीत ठेवले. खिडकीखाली बाईंचे शिवणयंत्र आहे, ओतीव लोखंडाचे, जुने, जड. ते मला ओढते. फार नाही, तीन अंश. मुलगी आली की म्हणते, "बाबा, ते तिकडे कपाटावर ठेवा ना, चुकीचं दाखवतंय." घड्याळजी म्हणतात, "कपाटावर ठेवलं तर मशीन दिसणार नाही त्याला." त्यांनी माझ्या झाकणावर, चहाच्या डागाशेजारी, एक कागद चिकटवला आहे. त्यावर थरथरत्या पण नीट अक्षरात लिहिले आहे : 'शिवणयंत्र : तीन अंश. वजा करून वाचणे.'

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची काच पुसत जा, त्यांना ऊन लागू देऊ नका, त्यांच्यावर चहा ठेवू नका. आणि त्यांनी काही सांगितले, तर त्यांच्या शेजारी काय ठेवले आहे तेही एकदा बघा. चुकीच्या शेजाऱ्याला थोडे दूर बांधा. आवडता शेजारी असेल, तर कागदावर लिहून ठेवा.

दुपारी मशीन सुरू होते आणि माझी तबकडी हलकेच थरथरते. उत्तर कुठे आहे ते मला ठाऊक आहे, आणि बाई कुठे बसल्या आहेत तेही ठाऊक आहे. त्या दोन्हींच्या मध्ये, तीन अंश बाईंच्या बाजूला, मी सुखाने स्थिर असतो.